धानकापणीतलं बांधकाम

धान पिकलं की आमच्या करडी गावच्या हवेला एक वास येतो. बांध्यांमधलं, म्हणजे धानाच्या वाफ्यांतलं, पाणी आटत आलेलं असतं, त्यांच्या कडेच्या धुऱ्यांवरच्या तुरीला पिवळी फुलं लागलेली असतात आणि कापलेल्या धानाचे कडपे दोन-तीन दिवस उन्हात पडून राहिले की तो वास शेतातून निघून सरळ घरात येतो. गोडसर, कोरडा, थोडा नाकात हुळहुळणारा. गावातल्या कुणालाही विचारा, त्या वासानं त्याला सुगी आठवेल, भरलेली कोठी आठवेल, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतलं नाटक आठवेल. मला ओलं सिमेंट आठवतं.

यंदाही आठवलं. मशीनवर बसून एका ब्लाऊजला बाही जोडत होते, खिडकीतून वास आला आणि माझे पाय आपोआप थांबले. तीन वर्षं झाली. उजव्या अंगठ्याच्या पेरावर सिमेंटनं कातडी खाल्ली होती, तिचा आता डागही उरला नाही. पण ते दिवस मी कुणालाही देणार नाही. माझ्या आयुष्यात अभिमानानं सांगावं असं फार काही घडलेलं नाही. जे घडलं ते त्या धानकापणीत घडलं.

मी शिवणकाम करते. डी.एड. झाले होते, नोकरी लागली नाही, मग मशीन घेतली. गावातल्या बायकांची मापं घ्यायची, खडूनं रेघ मारायची, कापायचं, जोडायचं, एवढं माझं कसब. घरात खिळा ठोकायचा असला तरी आमच्या ह्यांची वाट पाहायची सवय. हे नागपूरजवळ एका कारखान्यात आहेत, पंधरा दिवसांनी एकदा येतात. एरवी घरात मी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे.

मामाजी उंच माणूस. सत्तरी गाठली तरी पाठ ताठ. आपलं ताट आपण उचलायचे, आपलं धोतर आपण धुवायचे, तहान लागली तर उठून माठातून पाणी घ्यायचे. कुणाला ‘जरा दे’ म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या वर्षी दिवाळी सरली, धान पिवळं पडलं आणि एक दिवस धुऱ्यावर उभ्याउभ्या त्यांच्या उजव्या हातातला विळा गळून पडला. लकवा होता. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून परत आणलं तेव्हा उजवा हात छातीशी दुमडलेला, उजवा पाय जमिनीवरून ओढत नेलेला. डॉक्टरांनी चार पायांची एक काठी डाव्या हातात धरायला दिली. रोज चालायचं, भरपूर पाणी प्यायचं, आत्ता जेवढी हालचाल कराल तेवढीच पुढे परत मिळेल, असं बजावून सांगितलं.

आमचा संडास अंगणाच्या त्या टोकाला. दीड फूट चढाच्या तीन पायऱ्या, वर अरुंद जागा, आत उघडणारं दार आणि खाली उकिडवं बसायचं भांडं. मामाजींना पहिली पायरीच चढता येईना. मग खोलीतच भांडं ठेवावं लागलं. ते मी उचलायची. मी आत गेले की मामाजी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर मी कधी ढळू दिला नव्हता आणि त्यांनीही उंबऱ्याबाहेरून खाकरल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. आता दिवसातून तीनदा आम्ही दोघं एकमेकांकडे न पाहता त्या खोलीत असायचो.

एक समाधान होतं. त्यांच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या दर वेळी रिकामा मिळायचा. डॉक्टरांचं ऐकतात, असं मी फोनवर ह्यांना सांगायची. मग एका सकाळी मी घरामागे झाडत होते. महिनाभरात पावसाचा थेंब नव्हता, सगळी माती फुफाट्यासारखी झालेली, आणि मामाजींच्या खिडकीखाली मात्र हातभर जागा काळीशार ओली. तिथला झेंडू टवटवीत. मी खराटा घेऊन तशीच उभी राहिले. मामाजी पाणी पीत नव्हते. खिडकीतून ओतून देत होते. जेवायलाही ते अर्धी भाकर ठेवत होते, त्याचं कारणही तेव्हा कळलं. पोटात काही गेलं नाही तर ते भांडं लागणार नाही आणि सुनेला उचलावं लागणार नाही.

घरात येऊन मिस्तऱ्याला, म्हणजे गवंड्याला, फोन लावला.

“बाई, माह्या घरचं धान उभं हाये,” तो म्हणाला. “धान झालं का नागपूरचं काम घेतलं हाये. होळीनंतर येतो.”

आणखी तिघांना फोन केला. आमच्याकडचे मिस्तरीही शेवटी शेतकरीच. त्या दिवसांत थापी बाजूला आणि विळा हातात. ह्यांनाही सांगितलं. “होळीपर्यंत चालवून घे ना,” हे म्हणाले. ह्यांचं काही चुकत नव्हतं, ह्यांनी ती ओली माती पाहिली नव्हती.

त्याच दुपारी चंद्रकलाबाई परकर शिवायला घेऊन आली. मागच्या गल्लीत राहते, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. वीस वर्षं मिस्तऱ्यांच्या हाताखाली रेजा म्हणून राबलेली. करडीतल्या निम्म्या घरांच्या विटा तिच्या डोक्यावरून गेल्या आहेत. माझं तोंड पाहून तिनं विचारलं आणि मी सगळं सांगितलं, फक्त पाण्याची गोष्ट सोडून. ती मामाजींची गोष्ट होती, माझी नव्हती.

“मिस्तरी नाही तर नाही,” ती म्हणाली. “तोडाले मिस्तरी कायले लागते? तोडून ठेवू.”

“आणि बांधायचं कुणी?”

“तोडलं का मंग बांधाच लागते.”

“तुम्हाला बांधता येतं?”

तिनं हातातला परकर मशीनवर ठेवला. “येते का नाही, कोनाले मालूम. आजवर कोनी थापी हाती देल्लीच नाही. पन डोयानं वीस वर्सं बांधूनच राहिली ना मी.”

तिच्या दोन बांध्या कापायच्या होत्या. आमचं शेत त्या वर्षी चुलत दिरानं सांभाळायला घेतलं होतं. ठरलं असं की सकाळी मी तिच्या बांधीत कापायला जायचं आणि दुपारनंतर तिनं माझ्याकडे यायचं. लग्नानंतर मी विळा धरला नव्हता. पहिल्या दिवशी कंबर अशी धरली की घरी येऊन सरळ उभं राहवेना. त्याच कंबरेनं दुपारी घण उचलला.

पहिला घाव माझाच होता. पायरीच्या कोपऱ्यावर घातला, एक कपची उडाली आणि घण माझ्याच पायाशी येऊन पडला. चंद्रकलाबाई हसली नाही. “हात खाली धर,” एवढंच म्हणाली. दोन दिवसांत तिन्ही पायऱ्या आणि आतलं भांडं निघालं. डोक्याला फडकं, नाकाला फडकं, अंगभर पांढरी धूळ. खळ्याकडे जाणारे लोक कुंपणापाशी थांबायचे. एक बाई म्हणाली, “काय व वनिता, मिस्तरीन झाली का?” मी खाली मान घातली. चंद्रकलाबाईनं घण टेकवला आणि शांतपणे म्हणाली, “हो. तुह्या घरचं काही पाडाचं असन तर सांगून ठेव.”

भांड्याच्या जागी कमोड बसवायचा होता. त्याची उंची किती हवी, धरायच्या दांड्या कुठे हव्यात, हे मोबाइलवरच्या व्हिडिओत एक माणूस सांगत होता, पण तो सगळ्या जगाला एकच माप सांगत होता. माझं अख्खं आयुष्य मापं घेण्यात गेलेलं. माणसाशिवाय माप कसं घेणार? टेप गळ्यात घालून मी मामाजींच्या खोलीत गेले. अठरा वर्षांत त्यांच्या पायाला नमस्कारापुरता हात लावला होता. गुडघ्यापासून टाचेपर्यंत टेप धरला. मग म्हटलं, “मामाजी, डावा हात जरा पुढे करा.”

“काहाचं माप घेऊन राहिली?” जीभ अजून जड होती.

सदऱ्याचं, असं सांगता आलं असतं. “तुमच्या बसायच्या जागेचं,” मी म्हटलं. “तिकडं बांधतो आहोत ना, त्याचं.”

त्यांनी नजर छताकडे वळवली. मग डावा हात हळूच पुढे आला. मी खांद्यापासून मनगटापर्यंत मोजलं, मुठीचा घेर मोजला. जायला निघाले तर म्हणाले, “बसल्यावर हात थोडा कमी पोचते. दोन बोटं खाली धर.” मी उंबऱ्याबाहेर आले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. त्यांनी काम मान्य केलं होतं.

पायऱ्यांच्या जागी आम्ही सहा फुटांचा उतार बांधला. विटा मी पुरवल्या, सिमेंट-रेतीचा माल केला आणि लावला चंद्रकलाबाईनं. ओळंबा कसा धरायचा, वीट आधी भिजवून का घ्यायची, रेती ओली असली तर पाणी किती कमी घालायचं, हे तिच्या जिभेवर होतं. थापी मात्र पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा तिनं पदराला हात पुसले. पहिले दोन थर तिनं इतके हळू लावले की माल सुकायला लागला. तिसऱ्या थराला हात असा सुटला की मी विटा देताना मागे पडले. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तो उतार फार देखणा दिसला.

चार दिवसांनी मला सुचलं की आधी आपण चालून पाहावं. माझा उजवा हात चंद्रकलाबाईनं ओढणीनं छातीशी बांधला. उजवा गुडघा वाकवायचा नाही असं ठरवलं, डाव्या हातात मामाजींची काठी घेतली आणि चढायला लागले. अर्ध्यावर पोचले तोवर घाम फुटला. काठी टेकली की मागे घसरायची. कशीबशी वर गेले. कमोड अजून आला नव्हता, त्याच्या जागी घमेलं पालथं घातलं होतं. आत शिरताना डाव्या भिंतीवर खडूनं दांडीची खूण केली होती, तिथं हात नीट पोचला. वळून घमेल्यावर बसले आणि उठायला डावा हात लांब केला, तर भिंत कोरी. खूण आता माझ्या उजवीकडे होती, बांधलेल्या हाताकडे.

“काहून बसली व?” बाहेरून आवाज आला. “ऊठ ना.”

“उठता येत नाहीये,” मी म्हटलं. “बसताना माणूस वळतो, चंद्रकलाबाई. दांडी दोन्हीकडे लागेल.”

ती आत येऊन स्वतः बसली, स्वतःचा उजवा हात पाठीमागे धरला आणि दोनदा प्रयत्न केला. मग आम्ही दोघी त्या विटांच्या चार भिंतींत इतक्या हसलो की मामाजींनी खोलीतून खाकरून विचारलं, काय झालं म्हणून.

दुसऱ्या दिवशी तो देखणा उतार आम्हीच फोडला. मला रडू येत होतं. चंद्रकलाबाई म्हणाली, “दुसऱ्याचं पाडाले मले कधी वाईट नाही वाटलं. आपलं पाडाले वाटते. म्हणजे आपलं झालं ना हे.” नवा उतार अठरा फुटांचा, एक फूट चढायला बारा फूट चालायचं या हिशेबानं. सरळ जागा नव्हती म्हणून तो जामाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाला वळसा घालून नेला. वळणावर थोडी सपाट जागा ठेवली, उभं राहून दम घ्यायला.

मोहाडीच्या बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं जाऊन कमोड आणि खरखरीत फरशी घेऊन आलो. फरशी टपावर गेली. कमोडचा खोका आम्ही मांडीवर घेतला. कंडक्टरनं विचारलं, “खुर्ची आनली का?” चंद्रकलाबाई म्हणाली, “बसाचीच वस्तू हाये.” अख्खी गाडी हसली आणि मोहाडीपासून करडीपर्यंत प्रत्येकानं आपापल्या घरातलं एकेक म्हातारं माणूस आणि त्याचे गुडघे आम्हाला सांगितले.

फरश्या लावून कमोड बसवायला घेतला तेव्हा माझी सगळ्यात मोठी चूक उघडी पडली. पाइप भिंतीपासून नऊ इंचांवर ठेवायचा होता, तो मी बरोबर नऊ इंचांवरच ठेवला होता, पण उघड्या विटांपासून मोजून. नंतर भिंतीला प्लास्टर आणि फरशी लागली, भिंत पुढे सरकली आणि कमोडची टाकी भिंतीला अडून पाइपावर बसेना. शिवणाऱ्या बाईला कापड कापताना माया सोडायची शिकवावी लागत नाही, पोर सहा महिन्यांत जाड झाली तरी ब्लाऊज उसवून मोठा करता आला पाहिजे. आणि भिंतीला मी माया सोडायची विसरले होते. मग टाकीमागच्या फरश्या काढल्या, प्लास्टर खरवडलं, तेव्हा कमोड खट्‌कन जागेवर बसला. तिथली भिंत अजून तशीच उघडी आहे. झाकायचं कधी मनात आलं नाही.

त्या रविवारी हे आले. अंगण, माती, माझे हात पाहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “लोकं म्हनतीन, बायकोले रेजा केलं.”

“म्हणू द्या,” मी म्हटलं. “तुम्ही एकदा घराच्या मागे जाऊन मामाजींच्या खिडकीखाली पाहून या.”

हे गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. सदरा काढून ठेवला आणि दार उतरवून बिजागऱ्या उलट्या लावायला घेतल्या, म्हणजे दार बाहेर उघडेल. मोहाडीच्या वेल्डरकडून करून आणलेल्या दांड्याही ह्यांनीच भिंतीत पक्क्या केल्या. मी फक्त टेप धरून सांगत होते, दोन बोटं खाली.

मग उतारावर शेवटचा गिलावा झाला आणि त्याला पाणी मारायचे दिवस आले. चंद्रकलाबाईच्या धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, झाला होता. तिनं ताजं तणस, मळलेल्या धानाचा पेंढा, आणून उतारावर अंथरलं आणि त्यावर आम्ही दिवसातून तीनदा पाणी शिंपडायचो. नव्या तणसाचा आणि भिजत्या सिमेंटचा तो एकत्र वास माझ्या नाकात तेव्हापासून बसला आहे. मामाजींची खाट आम्ही ओसरीवर आणली होती. ते पाहत असायचे.

“किती दिवस पाजता त्याले?” एकदा त्यांनी विचारलं.

“सात-आठ दिवस,” चंद्रकलाबाई बादली खाली ठेवत म्हणाली. “सिमीट असो का मानूस, पानी कमी पडलं का आतून भेगा जाते, मामाजी.”

मी दचकून तिच्याकडे पाहिलं. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. पण मागच्या गल्लीतून तिचा रोजचा रस्ता त्या खिडकीखालूनच जात होता. मामाजींनी मान खाली घातली.

आठव्या दिवशी तणस काढलं, उतार झाडून घेतला. मामाजींनी काठी मागितली. मी आधाराला पुढे झाले तर डोक्यानंच नको म्हणाले. अठरा फूट. जामाच्या वळणावर ते थांबले, झाडाच्या खोडाला खांदा टेकवला, दम घेतला. पुन्हा निघाले. उजवा पाय घासत होता, पण काठी कुठे सरकली नाही. दारापाशी काठी ठेवली, दांडी धरली, आत गेले आणि दार ओढून घेतलं. आतून कडी लागली.

आम्ही दोघी पाठ फिरवून विटांचे तुकडे गोळा करत बसलो. एकाच तुकड्याला मी तीनदा उचललं असेन. आत काय चाललंय याचा विचार करायचा नाही असं ठरवून मी फक्त विचारच करत होते. दांडी निघाली तर, फरशी घसरली तर. मग पाणी पडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं कडी निघाली. मामाजी बाहेर आले, धोतर नीटनेटकं, पाठ ताठ. उतार उतरून ओसरीवर आले, खाटेवर बसले आणि म्हणाले, “माय, एक तांब्या पानी आन.”

तो तांब्या त्यांनी माझ्यासमोर, न थांबता, शेवटपर्यंत प्यायला. रिकामा तांब्या परत देताना पहिल्यांदाच त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. “बांधकाम मजबूत हाये,” ते म्हणाले. मी डी.एड. झाले तेव्हाही एवढं भरून आलं नव्हतं.

मामाजी आज धुऱ्यापर्यंत चालत जातात. घरी पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांना उठवतात आणि अंगण ओलांडून तिकडे नेतात. गेल्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेच्या मुलीला पाहायला आलेली माणसंही नेली. मुलीकडच्यांचा संडास आधी पाहिलेली ती बहुधा पहिलीच सोयरीक असेल. मी आतून शरमेनं अर्धी झाले होते आणि मामाजी काठी टेकवून सांगत होते, “दोन बायांनी बांधला. थे टाकीमागची भिंत पाहा, थे चुकली होती. मंग सुधारली.” सोयरीक जमली.

त्यानंतर आम्ही दोघींनी आणखी सहा घरी उतार बांधले, तेही धानकापणीच्या दिवसांतच, मिस्तरी शेतात असतात तेव्हा. आता मापं मी घेते आणि बांधते चंद्रकलाबाई. तिची स्वतःची थापी आहे, काम संपलं की ती धुऊन, तेलाचा हात लावून ठेवते. मी कधी थर लावलाच तर तो अजून जरा वाकडाच जातो. ती मागून येऊन सरळ करते.

काल ती माझ्याकडे बसली होती. लाखांदूरकडून कुणाचा तरी फोन आला. पलीकडचा माणूस मोठ्यानं बोलत होता, मलाही ऐकू येत होतं. त्याच्या आईला संडासात जाता येत नाही, कुणीतरी नंबर दिला, जरा मिस्तऱ्याला फोन द्या.

चंद्रकलाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. “मिस्तरीच बोलून राहिली,” ती म्हणाली. ती थांबली, त्याला सावरायला वेळ दिला. मग पुढचं सांगितलं, “उद्या आमचा चुरणा हाये. परवाच्या पहिल्या गाडीनं आम्ही दोघी येतो. रेती चाळून ठेवा, आन घमेलं वाहाले एक मानूस पाहून ठेवा. बाई नाही भेटली तर पुरुष चालन.”